कुहीचं पान दिसत नाही

७ जुलै, सोमवार

परत डॉक्टरांचा फोन. सोमवार म्हणजे डॉक्टर लांजेवारांचा फोन, हे आता ठरलेलंच. मी ऑफिसखाली स्कुटी लावत होते, हेल्मेटही काढलं नव्हतं.

"हर्षाताई, ते कुहीचं पान गूगलवर दिसून नाही राहिलं."

"दिसेल सर. वेळ लागतो याला."

"चार वर्षं झाले."

पाहते म्हटलं आणि फोन ठेवला.

माणूस चांगला आहे, म्हणूनच जास्त वैताग येतो. वाईट असता तर तोडून बोलता आलं असतं. डॉ. मधुसूदन लांजेवार, वय बहात्तर, सगळी सरकारी नोकरी कुही-भिवापूरकडच्या दवाखान्यांत गेली. साप चावल्यावरचं इंजेक्शन नागपूर जिल्ह्यात कुठे आहे, कुठे संपलं आहे, हे ते दर सोमवारी सकाळी दवाखान्यादवाखान्यांत फोन करून विचारतात. मग स्वतःच्या वेबसाईटवर टाकतात. तेरा तालुके, तेरा पानं. साईट आमच्या ऑफिसनं — वेबसाईटी करायच्या आणि गूगलवर वर आणायच्या, हाच धंदा — २०२१ मध्ये फुकट करून दिली. फुकटचं काम कोणाचंच नसतं. म्हणून ते माझ्याकडे.

८ जुलै

अश्विन सरांना विचारलं. म्हणजे अश्विनला. माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे, पण ऑफिस त्याचं, तेव्हा तोंडावर सर.

"त्या साईटले बॅकलिंकच नाही ना मॅडम. वीस-पंचवीस डूफॉलो आणा, मंग पाहा कशी वर येते."

त्याचं सगळं जग दोनच गोष्टींत विभागलेलं आहे — डूफॉलो आणि नोफॉलो. दुसऱ्या कोणाच्या साईटवर आपली लिंक असली की गूगल ती शिफारस समजतं, ती डूफॉलो. पण त्या लिंकला नोफॉलोची खूण लावलेली असली, तर अर्थ बदलतो — लिंक दिली आहे, हमी माझी नाही. अश्विनच्या मते हमी नाही म्हणजे लिंकच नाही. नोफॉलो दिसली की ताटात शिळं वाढल्यासारखं तोंड करतो.

आता वीस-पंचवीस डूफॉलो मी कुठून आणू? साप चावल्याच्या साईटला कोण शिफारस देणार?

११ जुलै

तीन दिवस हेच. डिरेक्टऱ्या, आरोग्याचे फोरम, कोणाच्या तरी ब्लॉगखाली कमेंट. एकूण एकतीस लिंका. त्यातल्या एकोणतीस नोफॉलो. अश्विननं माझ्या तक्त्यातले एकोणतीस रकाने लाल केले आणि तक्ता मला पाठवला. खाली लिहिलं — "हे नको."

मला तरी कुठे हवं आहे.

१४ जुलै, सोमवार

डॉक्टरांचा फोन. उचलला नाही.

१७ जुलै

आज स्वतःच शोधून पाहिलं. "साप चावला इंजेक्शन कुही."

पहिलं काय आलं — विषखडा. काळा दगड, जखमेवर लावला की म्हणे विष ओढून घेतो. "दवाखान्यात नेण्याआधी आम्हाला फोन करा." खाली मोठ्या अक्षरात नंबर. पानभर तालुक्यांची नावं भरून ठेवली आहेत — कुही, भिवापूर, कळमेश्वर, सगळी.

त्याच्या लिंका तपासल्या. चारशेच्या वर. एका स्वयंपाकाच्या ब्लॉगवर भरल्या वांग्याच्या कृतीमध्ये मधेच एक वाक्य — "विषबाधेवर खात्रीचा उपाय" — आणि लिंक. विकत घेतलेली, उघड आहे. पैसे देऊन घेतलेल्या लिंकवर तशी खूण लावायची असते, नियम आहे. एकावरही नाही. सगळ्या स्वच्छ, हमीच्या, डूफॉलो.

आपलं कुहीचं पान? दहा पानं मागे गेले. नाहीच. डॉक्टरांचं पूर्ण नाव टाकलं तर साईटचं मुखपृष्ठ तेवढं येतं. साप चावलेला माणूस डॉक्टरांचं नाव कशाला टाकेल?

अश्विनला दाखवलं. म्हणाला, "पाहा, त्याच्याजवळ चारशे डूफॉलो आहे. मी काय सांगून राहिलो होतो?"

त्याला त्यात एवढंच दिसलं.

२४ जुलै

इथल्या एका मोठ्या वर्तमानपत्रात डॉक्टरांची मुलाखत. ऑनलाईन आवृत्तीत साईटची लिंकही दिली आहे. तपासली — नोफॉलो. ते सगळ्या बाहेरच्या लिंकांना सरसकट लावतात.

अश्विन म्हणाला, "बेकार." आणि खरं सांगायचं तर मीही मनात तेच म्हटलं. पान बंद केलं.

डॉक्टर मात्र खूष. "ताई, छापून आलं. आता तरी दिसन ना?" मी छान झालं म्हटलं. नोफॉलोचं सांगितलं नाही. बहात्तराव्या वर्षी कशाला ते.

२९ जुलै, नागपंचमी

आज साप शब्द टाकला की दुधाच्या वाट्या आणि शुभेच्छा. दिवसभर. नवऱ्याला, रोहितला, संध्याकाळी सांगत होते, तर तो म्हणाला, "तुमच्या ऑफिसात पगारी गिऱ्हाईकं नाहीत का?" आहेत. दोन बिल्डर, एक लग्नाचं लॉन, एक कोचिंग क्लास. त्यांचंही काम पडलं आहे. कळमेश्वरच्या कारखान्यात आठ तास मशीनसमोर उभं राहून आलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

४ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टरांचा फोन. आज उचलला, कारण सकाळपासून तिसऱ्यांदा आला होता.

पानाबद्दल बोललेच नाहीत. म्हणाले, "हर्षाताई, परवा कुहीकडच्या एका बाईले घोणस चावली. धानाची रोवणी सुरू होती, शेताच्या धुऱ्यावर पाय पडला. दुपारचे बारा. देवकीबाई नाव आहे. आता नागपूरले आणली, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. किडन्या बंद पडल्या. डायलिसिसवर आहे."

मी काहीतरी बोलले असेन.

"पोरीनं फोनवर शोधलं, ताई. बीएस्सीले आहे ती. कुही टाकलं, इंजेक्शन टाकलं. तो खडेवाला आला पहिला. त्याले फोन लावला. तो म्हणे, दवाखान्यात नेऊ नका, मीच येतो. अडीच तास वाट पाहत बसले. इंजेक्शन नऊ किलोमीटरवर होतं. मी त्याच आठवड्यात पानावर टाकलं होतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

६ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले चला, म्हणून गेले. का गेले ते नक्की माहीत नाही. घरी बसवलं नसतं, एवढंच.

वॉर्डाबाहेर बाकावर ती मुलगी बसली होती, सोनिका. एकोणीस-वीसची. वह्या मांडीवर, वाचत नव्हती. डॉक्टरांनी ओळख करून दिली, "या ताई आपली साईट पाहतात." मला ते वाक्य टोचलं. पाहतात म्हणे.

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "मॅडम, मी तेच शब्द टाकले होते. साप, इंजेक्शन, कुही. तुमचं पान होतं म्हणतात डॉक्टर. मंग ते आलं काहून नाही?"

मी सांगायला लागले. गूगलचा एक प्रोग्रॅम असतो, तो एका पानावरच्या लिंका धरून दुसऱ्या पानावर जातो, सापडलेली पानं आपल्या यादीत टाकतो. जे यादीतच नाही ते शोधल्यावर येत नाही. आणि यादीत असलं तरी वर यायला बाकीच्यांच्या शिफारशी लागतात.

"म्हणजे ते यादीतच नव्हतं?"

"वाटतं तसं. पाहावं लागेल."

"चार वर्षांपासून नव्हतं?"

डॉक्टर मधेच म्हणाले, "सोनू, त्यांची काही चूक नाही वं."

तिनं तरी विचारलं, "मंग त्या प्रोग्रॅमले तिथे जाता काहून नाही आलं? कोणी अडवलं?"

बीएस्सीची पोर. दोन मिनिटांत जे विचारलं ते मी महिनाभर स्वतःला विचारलं नव्हतं. मी फक्त बाहेरच्या लिंका मोजत बसले होते. आतून पाहिलंच नव्हतं.

"आमच्या ऑफिसात कोणीतरी काही करून ठेवलं असेल," मी म्हटलं. "उद्याच पाहते."

७ ऑगस्ट

पाहिलं. दहा मिनिटंही लागली नाहीत!

मुखपृष्ठावर तेरा तालुक्यांची नावं आहेत, प्रत्येकाला त्याच्या पानाची लिंक. कोड उघडला. तेराही लिंकांवर नोफॉलो. आपल्याच साईटवर, आपल्याच पानांवर. म्हणजे आपणच गूगलला सांगून ठेवलं आहे — या तेरा पानांची हमी आमची नाही. साईटमॅप नाही, म्हणजे पानांची यादी वेगळी कधी दिलीच नाही. बाहेरून त्या पानांना एकही लिंक नाही. मग तो प्रोग्रॅम जाणार कुठून? सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साईटवाल्यांनी आपलं पान तपासायच्या गूगलच्या जागी, कुहीचं पान टाकलं, तर उत्तर आलं — हे पान गूगलला माहीत नाही. माहीतच नाही.

अश्विनकडे गेले. लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.

"नोफॉलो म्हणजे नोइंडेक्स नसते मॅडम," तो म्हणाला. "पान यादीत घेऊ नका म्हणते ते नोइंडेक्स. नोफॉलोनं पान काही अडत नाही. आणि आता तर गूगल त्याले हुकूम मानत नाही, नुसता इशारा धरते. मनात आलं तर जाते."

"माहीत आहे. दुसरा रस्ता असता तर गेलं असतं. दुसरा रस्ता कुठे आहे?"

त्यानं पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "कोणं केलं हे?"

मलाही तेच हवं होतं. २०२१ मध्ये ऑफिसात चार जण होते. दोघे सोडून गेले. मनातल्या मनात त्यातल्या एकाला मी दिवसभर शिव्या घातल्या. नावच लिहिणार होते इथे. बरं झालं लिहिलं नाही.

८ ऑगस्ट

जुन्या बदलांची नोंद उघडली. ११ जून २०२१, दुपारी ४.२०. बदल — तालुका लिंका नोफॉलो. बदल करणारी — हर्षा.

तीन वेळा वाचलं.

आठवलंही. नोकरीचा पहिला महिना. कुठेतरी वाचलं होतं की आतल्या लिंकांना नोफॉलो लावला की शिफारशींचं सगळं वजन मुखपृष्ठापाशीच राहतं, ते वर येतं. मला फार हुशारीचं वाटलं. ती युक्ती त्याआधीच बारा वर्षांपूर्वी निकामी झाली होती — वजन राहत नाही, नुसतं वाया जातं — हे नंतर कळलं. कळल्यावर बिल्डरांच्या साईटींवर मी ते काढून टाकलं, हेही आठवतं. डॉक्टरांची साईट राहिली. फुकटची होती ना. अश्विननं तेव्हा शाबासकी दिली होती, मी आईला फोन करून सांगितलं होतं.

"कोणीतरी काही करून ठेवलं असेल." परवाच म्हटलं मी हे. त्या पोरीच्या तोंडावर.

९ ऑगस्ट

सकाळी तेराही खुणा काढल्या. साईटमॅप केला, दिला. एकेक पान सर्च कन्सोलमध्ये टाकून विनंती पाठवली. दिवसाला ठरावीकच घेतं. उरलेली उद्या.

एकूण पन्नास मिनिटं. चार वर्षं आणि पन्नास मिनिटं.

१२ ऑगस्ट

अश्विनला सांगितलं, मीच होते. त्यानं आधी दार लोटलं.

"कोणाले सांगितलं तर नाही ना?"

"अजून नाही."

"मंग नका सांगू. निघालं ना आता? झालं. कोणी कोर्टात गेलं तर ऑफिसचं नाव जाते."

"तिनं मला सरळ विचारलं होतं, सर."

"अहो मॅडम, घोणस चावली त्या बाईले, तुम्ही नाही चावले."

हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला. बावळट नाही तो, फक्त सगळ्या गोष्टी निस्तरायच्या असतात एवढंच त्याला कळतं. मी बाहेर आले आणि कोचिंग क्लासचं पान उघडून बसले. एक अक्षर झालं नाही.

१४ ऑगस्ट

दवाखान्यात गेले. डॉक्टरांना आधी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मी चार वर्षांत किती फोन केले तुमाले, ताई?" मोजून सांगा असा अर्थ नव्हता त्याचा. मग म्हणाले, "पोरीले तुम्हीच सांगा. मी येतो सोबत, पण बोलणार नाही."

आले आणि खरंच बोलले नाहीत.

सोनिकाला सगळं सांगितलं. जसं घडलं तसं, तारखेसकट. तिनं मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी म्हणाले, कोणीतरी."

"हो. तेव्हा माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, तरी कोणीतरी म्हटलं."

मग म्हणाली, "मले आईले हे समजावून सांगता येणार नाही. तुम्ही सांगा."

देवकीबाईंचा चेहरा सुजलेला, पाय पट्ट्यांत. बोलतात मात्र नीट. मी त्यांना समजेल असं सांगायचा प्रयत्न केला — फोनवर जे पान आधी दिसायला हवं होतं ते माझ्या हातानं लपलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पोरगी तं दवाखान्यात चाल म्हणे," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, थांब, तो खडेवाला येऊन राहिला. पयल्यांदा त्याचंच नाव आलं म्हणे फोनवर, म्हणून मले वाटलं तोच मोठा असन."

मला वाटतं त्यांनी माझी समजूत घालायला सांगितलं ते. दोष स्वतःकडे घेत होत्या. पण त्या शेवटच्या वाक्यानं उलटंच झालं. पहिल्यांदा आलं म्हणून मोठा. आम्ही ऑफिसात रोज गिऱ्हाईकांना हेच तर विकतो — पहिले या, लोक तुम्हाला मोठं समजतील.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली. तेवढंच.

१६ ऑगस्ट

तेरापैकी तीन पानं गूगलच्या यादीत. कुही नाही. भिवापूर आहे. कळमेश्वर आहे. कुही का नाही? काही कारण नाही. मशीन आहे, त्याच्या मर्जीनं फिरतं. मी कॉम्प्युटरला हात जोडायच्या बेतात आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टरांचा फोन आला. वाटलं नव्हतं येईल. नेहमीच्याच आवाजात — "ताई, कामठीच्या पानावर तारीख बदलून नाही राहिली." साईटवर प्रत्येक पानाखाली 'तपासलं' म्हणून तारीख असते, ती ते स्वतः बदलतात, आणि दर वेळी काहीतरी अडतं. दहा मिनिटं फोनवर शिकवलं. इथे दाबा, मग इथे. ते चष्मा शोधत होते. मी दात ओठ खात होते. काही बदललं नाही, एवढंही बदललं नाही, आणि त्याचं बरं वाटलं.

२० ऑगस्ट

कुही आलं यादीत! तेरापैकी अकरा.

पण यादीत येणं म्हणजे वर येणं नाही. शोधलं तर अडतिसाव्या जागी. विषखडा पहिला, जागच्या जागी. त्याच्या पानाची गूगलकडे तक्रार केली आहे, खुणा न लावलेल्या विकतच्या लिंकांची यादी जोडून. काही होईल असं वाटत नाही.

२१ ऑगस्ट

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण अश्विनला सांगितली तर तो विषय बदलेल.

साईटवर लोक कुठून येतात ते पाहत होते. जुलैच्या शेवटापासून दोनशे चौदा जण त्या वर्तमानपत्राच्या लिंकवरून आले. त्याच "बेकार" नोफॉलो लिंकवरून. गूगलनं तिला वजन दिलं की नाही, कोण जाणे. माणसांनी दिलं. वाचलं, दाबलं, आले. त्यातल्या एकाचा उमरेडकडे साप पकडणाऱ्यांचा गट आहे. त्यानं मुलाखत वाचली, साईट पाहिली आणि आपल्या गटाच्या साईटवर थेट कुहीच्या पानाची लिंक टाकली, भिवापूरच्या पानाचीही. साधी, बिनखुणेची. मी कोणाला विनवणी केली नाही. लाल रकान्यातून आली ती.

म्हणजे महिनाभर मी जे फेकून देत होते तेच कामाला आलं, आणि जे वजन सोन्यासारखं जपलं ते — जाऊ दे.

२३ ऑगस्ट

मारबतीची सुट्टी. सासूबाई म्हणाल्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला चल, गेले. गर्दीत उभी राहून फोनवर कुही पाहत होते. एकोणीस.

सासूबाई म्हणाल्या, "मारबत इकडे आहे."

२६ ऑगस्ट

सोनिकाचा मेसेज. आईला उद्या सुट्टी. डायलिसिस आठवड्यातून एकदा सुरू राहील, पुढचं डॉक्टर सांगतील. खाली एक ओळ — "आज मी परत शोधलं. तुमचं पान अकरावं."

आभार नाहीत, राग नाही. अकरावं. मी "हो" लिहिलं आणि पाठवलं.

१ सप्टेंबर, सोमवार

आज डॉक्टरांचा फोन नाही. शेवटी शिकले एकदाचे. दिवसभर कोचिंग क्लासचं काम झालं, महिनाभरात पहिल्यांदा.

कुही सहावं.

४ सप्टेंबर

विषखडा पहिल्यावरून चौथ्यावर घसरला. तक्रारीमुळे की आपोआप, कळायला मार्ग नाही. गूगल कधी सांगत नाही. बारा वर्षं या धंद्यात काढलेला माणूसही छातीठोक सांगू शकत नाही, अश्विन सोडून. अश्विन म्हणतो, "मी म्हटलं होतं."

काय म्हटलं होतं?

८ सप्टेंबर, सोमवार

कुही दुसरं. फोन नाही. आठ दिवसांत दोन बिल्डरांचं तुंबलेलं काम संपवलं.

१० सप्टेंबर

पहिलं.

सकाळी पाहिलं, मग दुसऱ्या फोनवर, मग रोहितच्या फोनवर, मग ऑफिसात इनकॉग्निटो खिडकी उघडून, जिथे गूगलला मी कोण ते कळत नाही. सगळीकडे पहिलं. साप चावला इंजेक्शन कुही — डॉक्टर लांजेवारांचं पान. भिवापूरही पहिलं.

अश्विननं सगळ्यांना समोसे आणले. म्हणाला यावर एक लेख लिहू, ऑफिसच्या साईटवर टाकू — शून्यातून पहिल्या क्रमांकावर, तीस दिवसांत. मी म्हटलं, त्यात शून्य कोणी केलं तेही लिहावं लागेल. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण ना."

सोनिकाला कळवलं. तिनं अंगठा पाठवला. डॉक्टरांना फोन लावला, उचलला नाही. झोपले असतील दुपारचे.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आठला फोन. डॉक्टरांच्या सूनबाई, उत्तरा. बाबांच्या फोनवर माझा चुकलेला कॉल आज दिसला म्हणाल्या. सत्तावीस ऑगस्टला त्यांना पक्षाघात झाला. तेव्हापासून दवाखान्यात आहेत, बोलता येत नाही. "सोमवारी सकाळी हातवारे करतात, फोन मागतात. आम्हाला कळतच नाही कोणाला लावायचा आहे."

कुहीचं पान उघडलं. तपासलं — २५ ऑगस्ट. भिवापूर, २५ ऑगस्ट. तेराही पानं, २५ ऑगस्ट. मी रोज नंबर पाहत होते.

यादीतल्या पहिल्याच दवाखान्यात फोन लावला. तिथलं इंजेक्शन दहा दिवसांपूर्वी संपलं आहे. गेल्या पाच दिवसांत हे पान एकशे अठरा लोकांनी पाहिलं.

ती ओळ बदलली. तारीख टाकली. आता दुसरा दवाखाना लावते आहे, रिंग जाते आहे.